रिकाम्या जागा भरा

'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न परीक्षेत सोपा समजला जातो. वाक्य तयार असते, एकच शब्द गाळलेला असतो, तो आठवला की गुण मिळतात. प्रश्न काढणाऱ्याला मात्र कोणता शब्द गाळायचा याचा विचार करावा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको. 'पाणी हे ____ आहे' असे छापले तर वर्गातली निम्मी मुले 'द्रव' लिहितात, उरलेली 'संयुग', आणि एखादा 'जीवन' लिहून मोकळा होतो. तिघांचेही बरोबर! चूक असते ती रिकाम्या जागेची.

अशाच एका रिकाम्या जागेशी आमची गाठ अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पडली. आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही तिघे एका छोट्या रासायनिक कारखान्यात गाळाचे नमुने घ्यायला गेलो होतो. कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करताना खाली जो गाळ बसतो, तो दाबून, पाणी काढून ड्रममध्ये भरून ठेवलेला होता. पत्र्याच्या शेडखाली वीस-पंचवीस ड्रम ओळीने उभे होते. प्रत्येकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेले लेबल. त्यावर कारखान्याचे नाव, गाळाचा प्रकार, वजन आणि 'साठवणूक सुरू केल्याची तारीख'. ती तारीख होती आम्ही गेलो त्याच दिवसाची.

ड्रमच्या झाकणाच्या कडा गंजल्या होत्या आणि वर धुळीचा चांगला थर होता. आज सकाळी ठेवलेल्या ड्रमवर एवढी धूळ येणार कुठून? तिथल्या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंना विचारले, तर त्याही गोंधळल्या. "सर, तारीख मी टाकतच नाही. ती आपोआप येते. पावसात लेबलं भिजतात म्हणून दर आठवड्याला नवीन छापून लावतो, आज सकाळीच लावली."

'आपोआप येते' हे शब्द ऐकल्यावर उलगडा झाला. लेबलाची फाइल वर्ड प्रोसेसरमध्ये केलेली होती. ती तयार करणाऱ्याने तारखेच्या जागी 'इन्सर्ट' मधून 'डेट अँड टाइम' घेतले होते आणि 'अपडेट ऑटोमॅटिकली' या चौकोनावर खूण केली होती. पत्रे टाइप करणाऱ्यांची ही सवयच असते, आणि पत्रासाठी ती सोयीचीही आहे. पण अशा जागी तारीख लिहिली जात नाही, तिथे एक आज्ञा बसते : 'आजची तारीख दाखव.' फाइल उघडली किंवा छापली की ती आज्ञा पुन्हा पाळली जाते. ड्रम शेडमध्ये म्हातारा होत होता आणि त्याचे लेबल दर आठवड्याला नव्याने जन्माला येत होते.

एवढ्याशा तारखेचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. घातक कचऱ्याविषयीचे २०१६ सालचे केंद्रीय नियम असे सांगतात की कारखान्याने असा कचरा आपल्या आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. काही लहान उत्पादकांना वगैरे प्रदूषण नियंत्रण मंडळ मुदत वाढवून देऊ शकते. या ९० दिवसांची मोजणी ज्या तारखेपासून होते, ती लेबलावरची तारीख. तीच रोज पुढे सरकू लागली तर नव्वदावा दिवस कधी उजाडणारच नाही. त्या बाईंनी शुद्धीकरण यंत्रणेची नोंदवही काढली आणि ओळीतल्या पहिल्या ड्रमची नोंद शोधली. तो चौदा आठवड्यांपूर्वी भरलेला निघाला. चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस. कोणी लबाडी केली नव्हती, कोणी काही लपवले नव्हते. एका रिकाम्या जागेत चुकीच्या जातीची वस्तू बसली होती, इतकेच.

परतताना लोकलमध्ये आमचे बोलणे याच विषयावर झाले. शाळा, कार्यालये, कारखाने, सगळीकडे आता अर्ज आणि दाखले संगणकावर होतात. तो नमुना 'भरायचा' कसा हे सगळ्यांना येते. 'करायचा' कसा, हे मात्र कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

कोणत्याही नमुन्यात दोन प्रकारचा मजकूर असतो : कधीच न बदलणारा आणि दर वेळी बदलणारा. बोनाफाइड दाखल्यात 'दाखला देण्यात येतो की' हे पहिल्या प्रकारचे, विद्यार्थ्याचे नाव दुसऱ्या प्रकारचे. ही विभागणी संगणकाने आणलेली नाही. गुजरातेत मध्ययुगात 'लेखपद्धति' नावाचा एक संस्कृत संग्रह तयार झाला होता. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये तो १९२५ साली छापला गेला. त्यात दानपत्रे, करारनामे, खाजगी पत्रे यांचे नमुने आहेत. लेखनिकाने ते समोर ठेवावेत आणि नाव-गाव-तिथी आपल्या कामाप्रमाणे घालावी, अशी त्यामागची कल्पना. आपल्या बोलण्यातला 'अमुक' हा शब्द हेच काम करतो. अमुक गावचा अमुक, असे म्हणताना आपण जागा धरून ठेवतो, भरत नाही.

संगणकावर जागा धरून ठेवायची बहुतेकांची पद्धत म्हणजे अधोरेषेची कळ दाबून धरणे. दिसायला ठीक दिसते. पण त्या रेषेवर टिचकी मारून नाव लिहू लागा, रेषा पुढे ढकलली जाते, ओळ मोडते, खालचा मजकूर सरकतो. कारण ती रेषा म्हणजे कागदावर आखलेली रेघ नव्हे, ती वीस-तीस अक्षरे आहेत, आणि त्यांत तुम्ही आणखी अक्षरे घालत आहात. छापून हाताने भरायच्या कागदाला ही पद्धत चालेल. पडद्यावरच भरायचे असेल तर सोपा मार्ग म्हणजे दोन स्तंभांचा तक्ता करायचा, डावीकडे 'नाव', 'वजन' असे न बदलणारे शब्द, उजवीकडे रिकामा रकाना. तक्त्याच्या सगळ्या रेघा पुसून फक्त उजव्या रकान्याची खालची रेघ ठेवली की तीच रिकामी जागा दिसते, आणि कितीही लिहिले तरी ती सरकत नाही.

तक्त्यामुळे जागेचा आकार ठरतो, तिच्यात काय लिहायचे ते मात्र ठरत नाही. 'वजन' समोर कोणी '२००' लिहील, कोणी 'दोन ड्रम', कोणी 'भरपूर'. वर्ड प्रोसेसरमध्ये यासाठी वेगळी सोय असते, तिला 'कंटेंट कंट्रोल' म्हणतात. आपण तिला चौकट म्हणू. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ही सोय २००७ च्या आवृत्तीपासून आहे, पण सहजी दिसत नाही. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', त्यात 'कस्टमाइझ रिबन', आणि तिथे 'डेव्हलपर' या नावापुढे खूण करावी लागते. मग वरच्या पट्टीत 'डेव्हलपर' हा नवा विभाग येतो आणि त्यात छोट्या छोट्या चित्रांच्या रूपाने चौकटी दिसतात. (नाव 'डेव्हलपर' असल्यामुळे हे काम संगणक अभियंत्यांचे आहे असे वाटून पुष्कळ जण तिथे फिरकत नाहीत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.) मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस रायटरमध्ये २०२२ च्या ७.४ या आवृत्तीपासून 'फॉर्म' या मेनूखाली अशाच चौकटी आहेत.

या चौकटींच्या जाती वेगवेगळ्या आहेत. नुसता मजकूर घेणारी एक, यादीतून एकच पर्याय निवडू देणारी दुसरी, यादीही दाखवणारी आणि यादीबाहेरचे लिहूही देणारी तिसरी, होय-नाहीची खूण घेणारी चौथी, कॅलेंडर उघडून तारीख घेणारी पाचवी. नमुना तयार करणाऱ्याचे खरे काम या जाती ओळखण्याचे आहे. चौकट बसवायला अर्धे मिनिट लागते. ती कोणत्या जातीची हवी हे ठरवायला कधी कधी अर्धा दिवस.

अंबरनाथच्या लेबलावरच हे करून पाहू. २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्याच्या लेबलाचा नमुना ठरवून दिला आहे, तो 'नमुना ८'. लेबलाची पार्श्वभूमी चमकदार पिवळी असावी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल रंगात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत ठळक असावेत, आणि लेबल पाण्याने धुऊन न जाणारे, ऊन-पावसात टिकणारे असावे, असे त्यात आहे. (प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद या अटीत बसत नाही, ही गोष्ट वेगळी. लेबल तसे टिकाऊ असते तर दर आठवड्याला छापावे लागले नसते, आणि तारखेची भानगडही कदाचित कधी उघड झाली नसती.) हे शब्द आणि रंग झाले न बदलणारे. बदलणाऱ्या जागा साधारण अशा : कचऱ्याचा वर्ग आणि गुणधर्म, त्याच्याशी न जुळणारे कचरे व पदार्थ, एकूण प्रमाण, साठवणुकीची तारीख, भौतिक स्थिती, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता, आणि आणीबाणीच्या वेळी कोणाशी संपर्क साधायचा ते.

भौतिक स्थितीला यादीची चौकट योग्य : घन, अर्धघन, द्रव. नियमानेच तीन पर्याय दिले आहेत, चौथा नको. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता ही खरे तर त्या कारखान्यापुरती न बदलणारी गोष्ट आहे. तिथे चौकट ठेवूच नये, सरळ छापून टाकावे. जितक्या कमी जागा तितक्या कमी चुका. तारखेला कॅलेंडरची चौकट. ती निवडलेली तारीख धरून ठेवते, फाइल पुन्हा उघडल्यावर बदलत नाही. फाइल ज्या दिवशी तयार झाली ती तारीख आपोआप घालणारीही एक सोय आहे. पण जुन्या फाइलवरून 'सेव्ह अ‍ॅज' करून नवी केली की तीही बदलते. शिवाय लेबल टाइप केल्याचा दिवस आणि गाळ साठवायला घेतल्याचा दिवस एकच असेल याचा भरवसा काय? काही तारखा माणसानेच सांगायला हव्यात.

नव्वदावा दिवस कोणता हेही लेबलावर छापावे असे आम्हाला वाटले होते. तारखांची बेरीज वर्ड प्रोसेसरला सहज जमत नाही, स्प्रेडशीटला जमते. आणि ती मनाने करताना लोक हटकून तीन महिने मोजतात. ५ मार्चला ठेवलेल्या ड्रमची मुदत ५ जूनला संपते असे वाटते, पण मार्चचे उरलेले २६, एप्रिलचे ३० आणि मेचे ३१ मिळून ८७ होतात. नव्वदावा दिवस ३ जूनला येतो. दोन दिवसांचा फरक. हे गणित सातवीच्या वर्गाला घालून पाहायला हरकत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची जागा : 'न जुळणारे पदार्थ'. आमच्या पाहण्यात हीच जागा सर्वांत जास्त वेळा 'निरंक' किंवा 'लागू नाही' अशी भरलेली असते. या जागेचा अर्थ असा की या ड्रमशेजारी काय ठेवू नये आणि याच्यात काय मिसळू देऊ नये. रंगांसाठी लागणारी मधली रसायने बनवताना नायट्रो संयुगांच्या क्षपणासाठी सोडियम सल्फाइड वापरतात. समजा, त्या कारखान्याच्या गाळात थोडे सल्फाइड राहिले आणि शेजारच्या ड्रममध्ये आम्लयुक्त कचरा आहे. दोन्ही ड्रम गळके निघाले, किंवा टँकरमध्ये एकावर एक ओतले गेले, तर जे होईल ते शाळेच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात होणाऱ्या प्रक्रियेहून वेगळे नाही : सल्फाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून क्लोराइड आणि हायड्रोजन सल्फाइड वायू. सडक्या अंड्याचा वास असलेला हा वायू हवेपेक्षा जड आहे; त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. म्हणून तो खड्ड्यात, नाल्यात, टाकीच्या तळाशी साचतो. त्याहून वाईट म्हणजे हवेत त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो.

या भागातल्या लोकांना ही कल्पनेतली भीती वाटणार नाही. २०१४ सालच्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उल्हासनगरजवळ वालधुनी नदीच्या पात्रात एका टँकरमधले रसायन चोरून ओतले गेले. त्यातून उठलेल्या वायूने आजूबाजूच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना श्वास घेणे कठीण झाले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. चोराला लेबल थांबवत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण जे चोर नाहीत, त्यांच्या ड्रमला हात लावणाऱ्या हमालाला, चालकाला आणि अग्निशमन दलाच्या जवानाला आत काय आहे हे कळण्याचा तेवढाच एक मार्ग असतो. तिथे 'निरंक' लिहिलेले असेल तर तो मार्ग बंद झाला.

मग ही जागा नीट भरली जावी यासाठी नमुना करणारा काय करू शकतो? इथे मजकुराची मोकळी चौकट ठेवली तर घाईत 'निरंक' पडणारच. आम्ही यादीची चौकट सुचवली : 'आम्ले', 'अल्कली', 'ऑक्सिडीकारके', 'पाणी', 'ज्वालाग्राही द्रव' असे पर्याय, आणि अशा चौकटी एकाखाली एक तीन, कारण न जुळणारा पदार्थ एकच असेल असे नाही. 'काहीही नाही' हा पर्याय ठेवला, पण यादीच्या अगदी शेवटी. यादीतला कोणताही पर्याय आधीच निवडून ठेवायचा नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची. आधीच भरलेली जागा माणूस वाचत नाही. न भरलेल्या चौकटीत वर्ड जो करडा सूचनामजकूर दाखवतो, तो 'डिझाइन मोड' मध्ये जाऊन आपल्याला हवा तसा लिहिता येतो. आम्ही लिहिले : 'न जुळणारा पदार्थ निवडलेला नाही'. हा मजकूर छापतानाही कागदावर उमटतो. एरवी लोकांना तो दोष वाटतो, इथे तोच गुण ठरला. चौकट विसरली गेली तर लेबल स्वतःच तसे सांगते.

कचरा कारखान्याबाहेर निघाला की लेबलाच्या जोडीला 'मॅनिफेस्ट' येतो. अंबरनाथहून तळोज्याच्या विल्हेवाट प्रकल्पाकडे जाणाऱ्या ट्रकची कल्पना करा. २०१६ च्या नियमांनी या कागदाच्या सात रंगांच्या सात प्रती ठरवून दिल्या. पांढरी पाठवणाऱ्याकडून प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी घेणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याला, आणि पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर राखाडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला. युक्ती निळ्या प्रतीत आहे. ट्रक वाटेतच कुठे रिकामा झाला तर निळी प्रत परत येत नाही, आणि न आलेला कागदच बोलू लागतो.

लेबल आणि मॅनिफेस्ट यांत कचऱ्याचे वर्णन तेच असते. ते दोनदा टाइप केले की कधीतरी वेगळे होणार. वर्डमध्ये 'इन्सर्ट' मधल्या 'क्विक पार्ट्स' खाली 'डॉक्युमेंट प्रॉपर्टी' आहे. तिथली एखादी चौकट, समजा 'सब्जेक्ट' नावाची, एकाच फाइलमध्ये दोन-तीन ठिकाणी बसवली तर एका ठिकाणी लिहिलेले सगळीकडे आपोआप उमटते. मोह होऊन प्रमाणाची जागाही अशी जोडू नये. लेबलावर एका ड्रमचे प्रमाण असते आणि मॅनिफेस्टवर सगळ्या ड्रमचे मिळून. सारखे दिसणारे आकडे सारखे असतातच असे नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. चौकटी बसवून झाल्या की 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' मध्ये 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडून कुलूप लावावे, म्हणजे भरणाऱ्याला फक्त चौकटीतच लिहिता येते आणि न बदलणारा मजकूर खरोखर न बदलणारा होतो. मग फाइल साधी न साठवता 'टेम्प्लेट' म्हणून साठवावी. ती उघडली की दर वेळी तिची नवी, कोरी प्रत उघडते. मागच्या महिन्याची भरलेली फाइल उघडून तिच्यावरच नवी माहिती लिहायची सवय असेल, तर मागच्या ड्रमचे काहीतरी नव्या ड्रमला चिकटून येतेच. मराठीत नमुना करताना युनिकोड अक्षरेच वापरावीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये न बदलणारा मजकूर आणि युनिकोडमध्ये भरलेला मजकूर अशी सरमिसळ झाली तर दुसऱ्या संगणकावर अर्धे लेबल मराठीत आणि अर्धे भलत्याच चिन्हांत दिसते.

त्या कारखान्यात शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. बाईंनी आमचा नवा नमुना घेतला, पण तारखेची चौकट काढून टाकली! तिथे त्यांनी नुसती रेघ ठेवली. ड्रम शेडमध्ये ठेवणारा कामगार न पुसणाऱ्या पेनने तारीख लिहितो आणि सही करतो. आम्हाला आधी थोडे वाईट वाटले, मग पटले. ड्रम कधी ठेवला हे त्यालाच ठाऊक असते, कार्यालयातल्या संगणकाला नाही.

शाळेत हाच प्रयोग प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर करता येईल. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीसाठी लेबलाचा नमुना नववी-दहावीच्या गटांकडून करून घ्यावा : पदार्थ, तीव्रता, तयार केल्याची तारीख, तयार करणाऱ्याचे नाव, काय मिसळू नये. कोणती जागा कोणत्या जातीची, यावर त्यांना भांडू द्यावे. मग तो नमुना दुसऱ्या तुकडीतल्या मुलांना काहीही न समजावता भरायला द्यावा आणि भरणारा कुठे अडतो, कुठे विचारतो, कुठे 'निरंक' लिहून पुढे जातो, याची शेजारी बसून नोंद करावी. भरलेली फाइल साठवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची, आणि सर्वांत आधी तारीख पाहायची.